बैठक बसवायची कुणी, निवाडा द्यायचा कुणी? पारधी वस्तीपासून बुद्ध विहारापर्यंत तंटा मिटवण्याच्या रीती

शिरूर आणि दौंड तालुक्यांत चळवळीचे काम करणाऱ्या आपल्या तरुणांना अधूनमधून तंटा मिटवायला बोलावणे येते. कधी जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग असतो, कधी विहाराच्या जागेची हद्द, कधी गायरान कसणाऱ्या दोन कुटुंबांत बांधावरून झालेली मारामारी. कधी गावाबाहेरच्या पारधी वस्तीतला वाद असतो आणि दोन्ही बाजूंपैकी कुणीही पोलीस ठाण्याची पायरी चढायला तयार नसतो. कार्यकर्ता जातो, चार शब्द समजुतीचे सांगतो, दोघांना हात मिळवायला लावतो, चहा होतो. आठवड्याने भांडण पुन्हा तिथेच. कधी याहून वाईट घडते. जो गुन्हा न्यायालयात जायला हवा, तोच बैठकीत 'मिटवला' जातो आणि मिटवणाऱ्यांत आपली माणसे असतात.

अशा बोलावण्याला जाणाऱ्यांनी जवळ ठेवावी अशी माहिती इथे एकत्र दिली आहे. आदिवासी समाज आपले तंटे कसे मिटवतात, भिक्खू संघाने त्यासाठी कोणती रीत घालून दिली आणि कायद्याची रेघ कुठे आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर एक फरक स्पष्ट होतो. बैठक बसवणे हे एक काम आहे आणि निवाडा देणे हे वेगळे काम. आपल्याकडे दोन्ही कामे एकाच माणसाच्या हाती जातात, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

इथले आदिवासी

पुणे जिल्ह्यातले आदिवासी म्हटले की जुन्नर-आंबेगावचे महादेव कोळी आणि ठाकर, किंवा मावळ-मुळशीकडचे कातकरी आठवतात. भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा, साखर कारखान्यांचा, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींचा हा पूर्वेकडचा पट्टा कुणाला आदिवासी भाग वाटत नाही. पण फासेपारधी इथे आहेत आणि नदीकाठी भिल्लही आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी आणि फासेपारधी या दोन्ही नावांची नोंद आहे. तरीही पारध्यांना गावात 'भटके' एवढेच समजले जाते, आणि जातीच्या दाखल्यासाठी त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात.

या समाजाचा सरकारशी आलेला संबंध लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या बैठकीत पाऊल टाकू नये. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात आलेल्या जमातींची नावे रजिस्टरात गेली, रोजची हजेरी आली, काहींना काटेरी तारेआडच्या सेटलमेंटमध्ये राहावे लागले. सोलापूरची सेटलमेंट त्यातली प्रसिद्ध. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पुढे मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, आणि संशयाची नजर तशीच राहिली. दौंडच्या शेजारच्या बारामतीत जून १९९८ मध्ये एका पारधी माणसाचा पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला. शेजारच्या तालुक्यातली ही घटना आहे, ती वस्तीवर विसरली गेली असेल असे समजू नये. 'तक्रार का देत नाही?' असा प्रश्न आपण सहज विचारतो. समोरच्या आजीला त्यात 'स्वतःहून ठाण्यात का जात नाहीस?' असे ऐकू येते.

कायद्याची एक बाजू इथे अपुरी पडते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार दिला. पुणे जिल्ह्यात असे क्षेत्र जुन्नर-आंबेगावकडे आहे. शिरूर आणि दौंड त्यात नाहीत. म्हणजे इथला पारधी कागदावर अनुसूचित जमातीचा असला तरी त्याच्या बैठकीला कायद्याने मान्यता नाही. आणि ज्या गावाच्या ग्रामसभेत तो बसू शकतो, तिथे तो मूठभर आहे.

जात पंचायत: काय घ्यावे, काय टाकावे

पारधी समाजात तंटा पंचांपुढे जातो. दोन्हीकडचे नातेवाईक जमतात, जामीन राहतात, गरज पडली तर बसणे दोन-तीन दिवस चालते. बोलणे त्यांच्या स्वतःच्या भाषेत होते. ही भाषा गुजराती-राजस्थानीला जवळची आहे आणि आपल्या कानांना चटकन कळत नाही. तालुक्याच्या न्यायालयात तारखांवर तारखा पडतात, इथे प्रकरण काही दिवसांत संपते. ज्याला वकील परवडत नाही आणि ठाण्याची भीती वाटते, त्याने पंचांकडे जाणे समजण्यासारखे आहे. या व्यवस्थेला नुसते 'अंधश्रद्धा' म्हणून उडवून लावणाऱ्यांनी तिच्या जागी लोकांना काय दिले, हेही सांगावे.

पण तिची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. पंच बहुधा पुरुषच असतात. बाईच्या चारित्र्याचा वाद असला तरी बाईच्या वतीने बाप किंवा भाऊ बोलतो. दंडाचा भार गरिबावर पडतो आणि तो फेडताना कर्ज होते. खरे-खोटे करण्यासाठी उकळत्या तेलातून नाणे काढायला लावण्याचे प्रकार महाराष्ट्रात बातम्यांतून पुढे आले आहेत. आणि पंचांचे शेवटचे हत्यार म्हणजे वाळीत टाकणे. त्यापुढे माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. ज्या बैठकीत 'नाही' म्हणायची सोय नसते, तिथल्या 'हो'ला किंमत किती?

ही गोष्ट फक्त पारध्यांची नाही. अनेक जातींत अशी पंचायत होती आणि काही ठिकाणी आजही आहे. नाशिकमध्ये २०१३ साली आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केले. पुढे राज्याने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा कायदा केला. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगावच्या अस्पृश्यांवर तो लादला गेला. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली, तिला स्टार्ट समिती म्हणतात. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचे अधिकारी. अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांचा विचार करणारी ती एकच समिती होती, आणि तिने बहिष्कार हे गावाच्या हातातले धारदार शस्त्र असल्याचे नोंदवले. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या मागण्या मांडल्या, तेव्हा बहिष्कार हा गुन्हा ठरवावा ही मागणी त्यांत होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा दाखला दिला. आपल्या विहार समितीने एखाद्या कुटुंबाला कार्यक्रमाला बोलावू नये असे ठरवले, तर ती समिती त्या वेळी कुठल्या बाजूला उभी असते, याचा विचार तिने स्वतःच करावा.

मेंढा गावाची रीत

आदिवासींची सगळी पद्धत जात पंचायतीसारखी नाही, हे पाहायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात जावे लागेल. लेखा गावाजवळचे मेंढा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. साधारण शंभर घरांचे. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झाले. त्यातून हे गाव जागे झाले आणि आपले निर्णय आपण घ्यायचे असे त्याने ठरवले. देवाजी तोफा हे गावातले पुढारी, आणि बाहेरून येऊन साथ देणारे मोहन हिराबाई हिरालाल. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात हा सारा प्रवास लिहिला आहे.

मेंढ्यात ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात आणि पुन्हा बसतात. ऐकायला हे अशक्य वाटते. 'मग काहीच ठरणार नाही' ही पहिली प्रतिक्रिया असते. पण निर्णयाला वेळ लागला की अंमलबजावणीला कमी लागतो, कारण ठराव मोडायला टपून बसलेली हरलेली बाजूच नसते. दारूचा प्रश्न एका बैठकीत सुटला नाही. बायकांनी तो लावून धरला, पुन्हा पुन्हा चर्चा झाल्या, आणि मग गावाने नियम केला.

माझ्या मते आपल्यासाठी सर्वात उपयोगी गोष्ट तिथला अभ्यासगट आहे. ग्रामसभेपासून तो वेगळा असतो. त्यात गावातला कुणीही बसतो, बाहेरचा जाणकारही बसतो. तिथे कायदा समजून घेतात, कागद वाचतात, शंका काढतात. अभ्यासगट निर्णय मात्र घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि ग्रामसभेत बाहेरच्या माणसाला मत नाही. माहिती देणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, इतकी साधी ही व्यवस्था आहे. चार पुस्तके वाचलेला, कायदा माहीत असलेला कार्यकर्ता वस्तीवर जातो, तेव्हा तो अभ्यासगटाचा माणूस असतो. बोलता बोलता तो स्वतःला ग्रामसभा समजू लागतो आणि पंचांच्या पाटावर जाऊन बसतो.

मेंढ्यात घोटूल पुन्हा उभा राहिला, हेही महत्त्वाचे. घोटूल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचे एकत्र जमण्याचे, शिकण्याचे घर. वन खात्याने लाकडाचे कारण काढून तो पाडला, लोकांनी पुन्हा बांधला. सभेला स्वतःची जागा हवी, आणि ती परक्याच्या मालकीची नको. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. गावाच्या शब्दाला वजन आले, त्यामागे तीस वर्षांची बसण्याची सवय होती.

आता मेंढ्याची मर्यादा. ते एका जमातीचे गाव आहे. शिरूर-दौंडच्या गावात मराठा आहेत, माळी-धनगर आहेत, आपण आहोत, गावाबाहेर पारधी आहेत. जमीन, पाणी आणि ट्रॅक्टर एकाच बाजूकडे असताना सर्वसहमती मागितली, तर दुबळ्याने गप्प बसावे एवढाच तिचा अर्थ होतो. त्यामुळे मेंढ्याची रीत वस्तीच्या आतल्या तंट्याला, विहार समितीला, बचत गटाला लागू पडते. गाव आणि वस्ती यांच्या वादाला ती जशीच्या तशी लावू नये.

जगातही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींनी १९८२ मध्ये आपल्या न्यायव्यवस्थेत शांतिकर्त्यांचे न्यायालय सुरू केले. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात माओरींच्या कुटुंबसभेच्या रीतीवरून अल्पवयीन मुलांसाठी कुटुंब परिषद आणली. मूल, त्याचे नातेवाईक आणि ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती एकत्र बसतात. दोन्ही ठिकाणी आदिवासींची रीत कायद्याच्या आत आली आणि तिच्यावर न्यायालयाची नजर राहिली. आपल्याकडे जात पंचायत कायद्याच्या बाहेर राहिली, म्हणून तिला लगामही उरला नाही.

रोहिणीचे पाणी आणि संघाची रीत

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण पारंपरिक कथेपेक्षा वेगळे दिले आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद पेटला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला आणि उपसूचना दिली: शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी वाद मिटवावा. संघाने ती फेटाळली. पुढे त्याच्यापुढे जे धाक ठेवले गेले, त्यात घरच्यांवर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त करण्याचा धाक होता. नवयानी बौद्धांच्या धम्मकथेची सुरुवातच पाण्याच्या तंट्यापासून, नाकारलेल्या मध्यस्थीपासून आणि बहिष्काराच्या धमकीपासून होते. कालव्याच्या आवर्तनावरून दरवर्षी भांडणारा आपला भाग आहे. ही कथा इथे वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

संघ स्थापन झाल्यावर वाद संघातही झाले. विनयपिटकात चुल्लवग्गातला समथक्खंधक हा भाग याच विषयाला दिलेला आहे. वादाचे चार प्रकार आणि ते शमवण्याचे सात मार्ग त्यात सांगितले आहेत. सातही इथे उलगडत नाही, कामाचे तेवढे घेतो.

पहिला सम्मुखाविनय. ज्याचा वाद आहे तो समोर हजर हवा. संघ हजर, धम्म हजर, विनय हजर आणि व्यक्ती हजर, असे चार अंगांनी 'समोर असणे' सांगितले आहे. पाठीमागे ठरलेला निर्णय ग्राह्य नाही. बाईच्या वतीने भाऊ बोलतो ती बैठक या पहिल्याच पायरीवर नापास होते.

मतदानाला येभुय्यसिका म्हणतात, आणि ते शलाका वाटून होई. शलाका वाटणाऱ्याने आवड, द्वेष, मोह किंवा भय यांनी वाहवत जाता कामा नये. मतदान गुप्त, कानात सांगून, किंवा उघड अशा तीन रीतींनी होऊ शकते. किरकोळ गोष्टीसाठी घेतलेले मतदान ग्राह्य नाही, आणि मतदानाने संघ फुटणार हे दिसत असेल तरीही नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या सभा-नियमांचा दाखला दिला तो हाच: ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सारे या मातीत होते. आपण ते भाषण दरवर्षी संविधान दिनाला ऐकवतो. विहार समितीच्या निवडणुकीवरून समाजाचे दोन गट पडतात, तेव्हा मात्र त्यातले शलाकेचे नियम कुणाला आठवत नाहीत.

सातवा मार्ग तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. भांडण इतके चिघळले की एकेक चूक उकरत बसले तर वाद वाढेल, तेव्हा दोन्ही बाजू एकत्र बसतात. प्रत्येक बाजूतर्फे एक जण सगळ्यांच्या चुका कबूल करतो आणि विषय तिथे संपतो. तंटामुक्तीवाले जे 'झाले गेले विसरा' म्हणतात, त्याचे हे जुने रूप वाटेल. पण विनयाने त्याला दोन अपवाद जोडले आहेत: गंभीर अपराध गवताने झाकता येत नाहीत, आणि गृहस्थांशी संबंधित अपराधही नाहीत. म्हणजे संघाबाहेरच्या माणसाचे नुकसान झाले असेल, तर ते संघाने आपापसात झाकून टाकायचे नाही. हे अपवाद सोडून नुसती क्षमा उचलणारे प्रवचन आपल्या विहारांत फार ऐकू येते.

कोसंबीचा प्रसंगही लक्षात ठेवावा. तिथल्या भिक्खूंचे भांडण खुद्द तथागतांनी सांगूनही थांबले नाही. ते त्यांना सोडून निघून गेले. उपासकांनी भिक्षा देणे थांबवल्यावर भिक्खू ताळ्यावर आले आणि श्रावस्तीला जाऊन त्यांनी समेट केला. बुद्धांनाही एक बैठक सोडून उठावे लागले. तेव्हा आपण प्रत्येक तंटा मिटवलाच पाहिजे असा हट्ट कार्यकर्त्याने धरू नये.

कुठे बसायचे नाही

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि गावोगाव तंटामुक्ती समित्या आल्या. त्यांनी बांधाचे, रस्त्याचे, भावकीचे पुष्कळ वाद मिटवले. पण 'तंटामुक्त' हे बिरुद आणि बक्षीस मिळवायचे म्हणून गुन्हाच दाखल होऊ द्यायचा नाही, हा मोहही त्यातून वाढला. कोणते गुन्हे तडजोडीने मिटू शकतात याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे त्यात नाहीत. २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे, किंवा तसा धाक दाखवणे, हाही ॲट्रॉसिटीचा गुन्हा झाला. १९९० पासून अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हे संरक्षण आहे. अशा प्रकरणात कुणी 'गावातच बसून मिटवू' म्हणाले, तर कार्यकर्त्याने त्या बैठकीचे आमंत्रण स्वीकारू नये. गेलाच तर पीडितासोबत जावे आणि त्याच्याच बाजूला बसावे.

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तणाव झाला, आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा-सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला. दोन्ही ठिकाणे शिरूर तालुक्यातली. त्या हिंसाचाराला 'गावचा तंटा' म्हणणारे लोक आजही भेटतात. गावात शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी पुन्हा बोलू लागणे चांगलेच, पण त्याने गुन्ह्याची चौकशी संपत नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत तर कायद्याने पर्यायच ठेवलेला नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे, आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अशा प्रकरणात पंचांसमोर बसून दंड ठरवणारा 'समाजसेवक' स्वतः आरोपी होऊ शकतो.

एक अडचणीची गोष्ट आपण टाळतो. बौद्ध आणि पारधी यांच्यातच वाद झाला तर? दोन्ही अनुसूचित जाती-जमातीचे असल्याने तिथे ॲट्रॉसिटी कायदा लागत नाही. गायरानावर असे वाद होतात. मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. ज्यांच्याकडे त्या काळातला पुरावा होता, त्यांचे काम झाले. सतत हुसकावल्या गेलेल्या पारध्याकडे पुरावा कुठून येणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरानाबाबतचे धोरण आणखी कडक झाले. तेव्हा त्याच गायरानावर आपला माणूस सातबाऱ्यासह उभा असतो आणि पारधी पालासह. या वादात आपण बलवान बाजू आहोत, हे ओळखूनच बैठकीला जावे. मध्यस्थ म्हणून आपल्यातलाच माणूस चालणार नाही. सिद्धार्थाची सूचना इथे नेमकी बसते: दोन त्यांचे, दोन आपले, आणि पाचवा चौघांना मान्य असलेला.

बसायचे ठरले तर

बैठक कुणाच्या दारात आहे हे आधी पाहा. सरपंचाच्या ओट्यावर किंवा पोलीस पाटलाच्या पडवीत पारधी माणूस उभाच राहतो, बसत नाही. वस्तीवरच्या झाडाखाली बसा, सगळे जमिनीवर, कार्यकर्त्याला खुर्ची नको. वडीलधाऱ्या पारध्याला गावात एकेरी हाक मारली जाते. तुम्ही 'बाबा', 'आजी' म्हणा आणि त्यांना 'अहो'नेच बोला. त्यांच्या भाषेत बोलू द्या. तुम्हाला कळले नाही तर वस्तीतल्याच शाळकरी मुला-मुलीकडून समजून घ्या, पण वाद त्या पोरांच्याच घरातला असेल तर त्यांना दुभाषी करू नका.

बैठकीच्या आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळे भेटावे, आणि बायकांना पुरुषांशिवाय भेटावे. त्यासाठी सोबत कार्यकर्ती हवीच. बायकांकडून जे कळेल ते बैठकीत त्यांच्या परवानगीशिवाय बोलू नये. दारू प्यालेला कुणी असेल तर त्या दिवशी बसू नये, मग पंचमंडळी कितीही लांबून आलेली असोत.

आरोप करणाऱ्यासाठी विनयात पाच कसोट्या आहेत: योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, सौम्य बोलावे, उपयोगाचे बोलावे आणि मैत्रीभावाने बोलावे. बैठकीच्या सुरुवातीला हे पाच शब्द साध्या भाषेत सांगितले तर लोक ऐकतात, हे धम्माचे आहे असे सांगायची गरजही नाही. बैठक चालवणाऱ्याने स्वतः कमीत कमी बोलावे. कुणी 'तुम्हीच सांगा साहेब, तुम्ही म्हणाल तसे' म्हणाले की सावध व्हावे. तो आदर असेल, पण निवाड्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात घालण्याची ती रीतही असते. आणि तुम्ही दिलेला निवाडा उद्या मोडला, तर मोडणाऱ्याला लाज वाटत नाही, कारण शब्द त्याचा नव्हताच.

ठरलेले लिहून काढताना जास्त काळजी घ्यावी. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हजेरीच्या रजिस्टरावर अंगठे उठवले, त्याला कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदाची भीती वाटणे साहजिक आहे. कागद मोठ्याने वाचा, त्यांच्या भाषेत सांगा, दोन प्रती करा. मजकूर छोटा ठेवा: कोणत्या दिवशी, कुणात, कशाबद्दल, काय ठरले, आणि पुन्हा कधी बसायचे. 'यापुढे आमची कुठलीही तक्रार नाही व पुढे करणार नाही' हे वाक्य बहुतेक तडजोडीच्या कागदावर आपोआप येते. ते लिहू नका, कुणी लिहिले तर खोडायला लावा. दंड, बहिष्कार आणि दिव्य यातले काहीही त्या कागदावर असता कामा नये.

पुन्हा बसण्याची तारीख महिन्याभराच्या आतली धरावी आणि त्या दिवशी खरोखर जावे. तोवर एखादी बाजू फिरली किंवा धमकी आली, तर तालुका विधी सेवा समितीकडे जाण्याचा मार्ग आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोक अदालतीत मिटवायचे ठरले तर आधी नीट समजून घ्यावे: तिथला समेट दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यातही सामुदायिक मध्यस्थतेचे प्रकरण आहे. त्यात तीन मध्यस्थांच्या पॅनेलची तरतूद असून त्या समेटाला हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. पारधी कुटुंबाला विधी सेवा समितीच्या कार्यालयात पाठवताना चिठ्ठी देऊन भागत नाही. पहिल्या दिवशी सोबत जावे लागते, आणि जातीचा दाखला नसेल तर त्याच्या अर्जापासून सुरुवात करावी लागते.